राजश्रीवैनींचा उपवास

राजश्रीला जमिनीवरून उठवायला चार मुलं लागत, आणि मुलांना त्यात मोठी मजा वाटे.

निपाणी-चिकोडी रस्त्यावरच्या त्या गावात जैन मंदिराला सगळे बस्ती म्हणतात. बस्तीच्या मागच्या खोलीत राजश्री दर रविवारी सकाळी लहान मुलांची पाठशाळा घ्यायची. णमोकार मंत्र, तीर्थंकरांची नावं, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल कसं टाकायचं, असं सगळं ती हसतखेळत शिकवायची. तास संपला की मुलं ओरडत, "ट्रॅक्टर लावा रं!" मग दोघं हात धरून ओढत, दोघं मागून ढकलत आणि तोंडानं घुर्रर्र आवाज काढत. सगळ्यांत मोठ्यानं राजश्रीच हसायची. आपण आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं तेवढं लागत नाही, हे ती शाळेत असतानाच शिकली होती.

श्रावणातल्या एका रविवारी हा ट्रॅक्टर घसरला. राजश्री मागच्या मागं बसली आणि छोट्या आदर्शचा हात तिच्या अंगाखाली सापडला. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार होता. आदर्शची आई म्हणालीसुद्धा, "पोरं म्हटल्यावर व्हायचंच की, वैनी." पण रडता रडता तो मुलगा तिच्याकडं बघत होता, ते एखाद्या अंगावर येणाऱ्या म्हशीकडं बघावं तसं. त्या दिवशी राजश्रीला हसता आलं नाही.

दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बेळगावच्या त्या डॉक्टरकडं जाऊन येऊया."

श्रेयांसचं निपाणीत खत-बियाणांचं दुकान होतं. तो पावतीबुकातून मान वर काढून म्हणाला, "कुठल्या डॉक्टरकडं?"

"कॅम्पातल्या. वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करत्यात, ते."

डॉक्टर भला माणूस होता. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची, हे त्यानं चित्र काढून समजावलं. ही जादू नाही, पुढं जन्मभर जपावं लागेल, गोळ्या घ्याव्या लागतील, हेही सांगितलं. "घरी जाऊन विचार करा. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण शुगर वाढत चाललीय, आणि झोपेत तुमचा श्वास थांबतो. तुम्हाला ते कळत नसेल. यांना विचारा."

श्रेयांस खाली मान घालून बसला होता. तिचा श्वास अडकला की तो उठून तिचा खांदा हलवायचा, आणि ती पुन्हा घोरायला लागेपर्यंत बसून राहायचा. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

राजश्रीनं एकच विचारलं, "कुणाला कळणार न्हाय न्हवं?"

डॉक्टर हसला. "सगळे आधी हेच विचारतात, ताई."

पण राजश्रीची गोष्ट सगळ्यांसारखी नव्हती. तिच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत. कांदा, लसूण, बटाटा घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. लग्नकार्यात बायका तिच्या पाठीमागं म्हणत, "रातचं जेवत न्हाईत, बटाटा न्हाय, काय न्हाय, मग अंग कशानं वाढतंय गं?" म्हणजे चोरून खात असणार. तिचं अंगच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. आणि खरी लाज ही, की साक्ष पुरती खोटी नव्हती. दुपारी घर झोपलं की ती शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यापाशी उभी राहायची. तो पत्र्याचा डबा आवाज न करता कसा उघडायचा, हे तिला नीट जमत होतं. मुलांना ती संयम शिकवत होती. आता त्याच मुलांच्या आयांना कसं सांगायचं, की माझं तोंड मला आवरलं नाही, म्हणून डॉक्टरकडून पोट कापून घेतेय?

तेव्हा ठरलं ते असं. ऑपरेशन करायचं, पण सासूबाईंनासुद्धा कळू द्यायचं नाही. कुणाला कळणार असेल, तर करायचंच नाही.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचं होतं. त्यानं लिव्हरवरची चरबी उतरते आणि डॉक्टरांचं काम सोपं होतं. आहाराची माहिती देणाऱ्या मुलीनं चिकन सूप सांगितलं. राजश्री म्हणाली, "आम्ही जैन." तिनं बटाट्याचं सूप सांगितलं. राजश्री पुन्हा म्हणाली, "आम्ही जैन." शेवटी ती मुलगी थकून म्हणाली, "मग तुम्हीच सांगा, तुम्ही काय खाता?" ठरलं ते दुधात कालवायची पावडर, ताक आणि मुगाचं गाळलेलं कढण. पावडरीचा डबा श्रेयांसनं सोयाबीन बियाण्याच्या पिशवीत घालून घरी आणला आणि राजश्रीनं तो कपाटात साड्यांच्या मागं ठेवला.

तारखेचा हिशेब मात्र दोघांनीही नीट केला नाही. ते दोन आठवडे नेमके भाद्रपदातल्या पर्युषणावर आले.

पर्युषणाचे दहा दिवस म्हणजे गावात तपाचे दिवस. कुणी एक वेळ जेवतं, कुणी एक दिवसाआड. एखाददुसरी बाई दहाही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहते, आणि मग तिला गावात देवीसारखा मान मिळतो. पहिल्याच दिवशी बस्तीतून आल्यावर राजश्रीच्या सासूनं, पद्माक्कानं, पाट मांडला. राजश्री म्हणाली, "मला नको, आक्का."

"काल पण न्हाय म्हणालीस. परवा पण." पद्माक्का तिच्याकडं बघत राहिली. हळूहळू म्हातारीचा चेहरा उजळला. "दहा दिवसांचा धरलास व्हय गं? मला सांगायचं न्हाय व्हय?"

राजश्रीनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण लग्न होऊन आल्यापासून सासूनं तिच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. रागानं नाही, पण पाहुण्यांच्या गराड्यात ही आपली सून म्हणून सांगताना पद्माक्काचा आवाज नेहमी थोडा खाली यायचा. आज त्या डोळ्यांत पाणी होतं. राजश्रीनं तोंड मिटलं आणि मान खाली घातली. पद्माक्कानं त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला.

संध्याकाळच्या आत गावाला कळलं. बस्तीचा कारभार बघणारे बाबगोंडा आण्णा माइकवरून बोलले, "औंदा आपल्या गावात दोन तपस्विनी. एक राजश्रीवैनी. दुसरी पूर्णिमाक्काची नवी सून, दीप्ती."

बायका राजश्रीच्या पाया पडू लागल्या. ज्या लग्नात कुजबुजायच्या, त्याच. राजश्री पाय मागं घ्यायची, तर त्या म्हणत, "बघा, गर्व न्हाय म्हणून." घरी आल्यावर ती खोलीचं दार लावून, कपाटाकडं तोंड करून दुधात पावडर कालवायची. चमचा पेल्याला लागू नये म्हणून हळूहळू ढवळायची. लाडवाच्या डब्यानं शिकवलेली कला अशी कामाला येत होती.

श्रेयांस म्हणाला, "आक्काला सांगून टाकू काय?"

"आता? गावभर झाल्यावर?"

"मग राहू दे. दहा दिवस तर हायत."

दीप्ती जेमतेम बाविशीची, काडीसारखी पोरगी. नवरा अरिहंत बेळगावजवळच्या मच्छे गावात कारखान्यात कामाला, सुट्टीला तेवढा घरी. सासरचं हे तिचं पहिलंच पर्युषण. पूजेला ती राजश्रीला चिकटून बसायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "वैनी, तुमास्नी चक्कर येत न्हाय?"

"येते की थोडी."

"तुमी दिसताय तरी तरतरीत. मला रातचं वाटतं, मोडावं. मग म्हणते, वैनी एवढ्या शुगरच्या असून टिकल्यात, मला काय धाड भरलीय?"

राजश्रीनं तिचा हात हातात घेतला. तो गार होता. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "पाणी पी हं बाळ. भरपूर पी."

सातव्या दिवशी पूजा चालू असताना दीप्ती खांबाला टेकली ती सरळ होईना. ओठ पांढरे पडले होते. बायकांनी पदरानं वारा घातला. पंडितांनी पूजा थांबवली आणि स्पष्ट सांगितलं, "तप शक्तीप्रमाणं करायचं असतं. शास्त्रच सांगतं. पोरीला पारणं करू द्या."

पूर्णिमाक्का घाबरली होती. "सोड गं दीप्ती. मी सांगते न्हवं?"

दीप्तीनं डोळे न उघडताच मान हलवली. "वैनी सोडणार न्हाईत... मी पण न्हाय."

सगळ्यांनी राजश्रीकडं पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर पद्माक्का हात जोडून बसली होती, आणि राजश्रीला दुसरी वाट दिसली. सोपी.

"मी पण सोडते," ती म्हणाली. "दोघी मिळून सोडू. ऊठ."

दोघींना मुगाचं कढण पाजलं. दीप्तीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. राजश्रीला वाटलं, सुटलो. पोरगी वाचली आणि खोटंही संपलं. तेवढ्यात बाबगोंडा आण्णांनी माइक हातात घेतला.

"आज उत्तम त्याग म्हंजे काय, ते डोळ्यांनी बघायला मिळालं," त्यांचा आवाज भरून आला होता. "दुसऱ्याच्या लेकीसाठी या माउलीनं सात दिवसांचं व्रत मोडलं. मोडलं म्हणू नका, दान केलं म्हणा!"

दीप्ती तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होती. "माझ्यामुळं तुमचं मोडलं, वैनी. पुढच्या वर्षी तुमच्या वाटणीचं पण मी करीन. माझं दहा झाल्यावर तुमचं राहिलेलं तीन."

"नको गं! तसलं काय बोलू नको."

"न्हाय, आता शब्द दिला."

बस्तीत सगळ्यांचे डोळे ओले झाले होते. राजश्रीनं बस्तीमागच्या न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं, पण रडूसुद्धा येईना. रडायचा तरी आपल्याला काय अधिकार, असं तिला वाटलं.

एकदम जड खाणं सोसणार नाही, या सबबीवर राजश्री त्यानंतरही ताक-कढणावरच राहिली. पौर्णिमेला पारण्याची मिरवणूक निघाली. सजवलेल्या ट्रॉलीवर तपस्विनींना बसवायचं. राजश्रीनं पुष्कळ नाही म्हटलं, पण आण्णा ऐकेनात. तिच्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या, मोडू नये म्हणून. ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीही हसलं नाही. आजवर लोक हसत तेव्हा ती लाज सोसवायची. ही सोसवेना.

ट्रॉली गल्लीत थांबली तेव्हा ओवाळायला आलेल्या एका बाईनं आपल्या मुलीला पुढं ढकललं. रचना ती, पाठशाळेत येणारी, चौथीतली. गालांनी गोबरी, अंगानं भरलेली. ट्रॅक्टरच्या खेळात ती कधी यायची नाही, भिंतीशी उभी राहायची. का, ते राजश्रीला कळायचं.

"पाया पड वैनींच्या," आई म्हणाली. "बघितलीस किती उतरल्यात त्या उपासानं? तोंड बघ कसं बारीक झालंय. पुढच्या वर्षी तुला पण धरायला लावते, पाचाचा तरी. नुसतं खा-खा खातीस. वैनींकडनं शिक जरा."

रचनानं वाकून नमस्कार केला. उठताना तिनं राजश्रीच्या दंडाकडं पाहिलं, मग स्वतःच्या दंडाकडं, आणि झग्याची बाही खाली ओढली.

घरी आल्यावर श्रेयांस समजुतीनं म्हणाला, "झालं की आता. परवा गुपचूप बेळगावला जाऊ. पित्ताचे खडे झालते म्हणून सांगू. वर्षाभरात बारीक झालीस, की लोकच म्हणतील, व्रताचा प्रभाव."

तो वाईट हेतूनं बोलत नव्हता. पण तिला ते सगळं वर्ष डोळ्यांपुढं दिसलं. आपण बारीक होत जाणार, आणि गावातल्या प्रत्येक जाड पोरीला आपलं उदाहरण दिलं जाणार. रचना ताटावरून उपाशी उठणार. दीप्ती तेरा दिवस पाण्यावर बसणार. आणि आपण पाठशाळेत त्यांना सत्य शिकवणार.

"असं करायचं असंल, तर मला ऑपरेशनच नको," ती म्हणाली.

"मग रद्द करतो. फोन लावू?"

रद्द केलं असतं तर सगळंच सोपं होतं. डबा फेकायचा, पुन्हा जेवायला बसायचं. हळूहळू लोक उपवासही विसरतील आणि पुन्हा कुजबुजतील, ते सवयीचं होतं. पण डॉक्टरच्या खोलीत खाली मान घालून बसलेला हा माणूस तिला आठवला. आपल्याला एक रात्र नीट झोपायचंय, हे तिला इतक्या साधेपणानं कधी कळलं नव्हतं. आणि ह्यालाही झोपू द्यायचंय.

"न्हाय," ती म्हणाली. "जायचं. पण सांगून जायचं."

दुसरा दिवस क्षमावाणीचा. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल, तर त्या दिवशी घरोघर जाऊन 'उत्तम क्षमा' म्हणायचं. सगळे म्हणतात, वर लाडू खातात आणि घरी येतात. कुणी चूक सांगत नाही, कुणी विचारत नाही.

राजश्रीनं आधी सासूपुढं हात जोडले आणि सगळं सांगितलं. साड्यांमागचा डबा काढून समोर ठेवला.

पद्माक्कानं डबा उचलून उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे एक दिवस पण न्हाय?"

"एक दिवस पण न्हाय, आक्का."

"आणि मी गावभर सांगत सुटले." म्हातारीचा आवाज पुन्हा खाली गेला होता, नेहमीपेक्षा जास्त. "पोट कापायचं ते काप. तुझा जीव, तू बघ. पण कुणाला सांगू नगंस. माझ्यासाठी. एवढं तरी ऐक."

"तुमच्यासाठी दुसरं काय पण ऐकंन, आक्का."

"मग माझ्याशी बोलू नगंस."

राजश्री बाहेर पडली. दीप्तीच्या दारात पूर्णिमाक्का हसत सामोरी आली, "या या, आमच्या घराला पाय लागले!" राजश्रीनं उभ्यानंच सांगितलं. बसली असती तर उठताना कुणाचा तरी हात मागावा लागला असता.

दीप्तीला प्रथम कळलंच नाही. मग तिनं विचारलं, "मी खांबाला टेकले, त्या सकाळी तुमी काय घेतलेलं?"

"दुधात पावडर. मोठा पेला."

"आणि तुमच्याकडं बघून मी..."

"व्हय. चौथ्या दिवशीच सांगायला पायजे हुतं. मी लाजले. तू मेली असतीस, तरी मी बहुतेक लाजतच बसले असते, एवढी वाईट लाज हाय माझी. तू दिलेला शब्द सोड बाळ. एवढंच मागायला आले."

दीप्ती उठून आत गेली. पूर्णिमाक्काचं हसू केव्हाच पुसलं होतं. "उत्तम क्षमा म्हणायची रीत हाय, म्हणून म्हणते," ती म्हणाली. "पण आमच्या सुनंला आता तुमच्या शेजारी बसवणार न्हाय मी."

"बरोबर हाय," राजश्री म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

रचनाच्या घरी आईनं ऐकता ऐकता तोंडाला पदर लावला. "अगं बाई! आणि हे असलं पोरीसमोर कशाला बोलताय, वैनी?"

"तिच्यासमोरच बोलायला आलेय."

रचना दाराची कडी धरून उभी होती. "ऑपरेशन दुखतं काय?" तिनं विचारलं.

"दुखंल थोडे दिवस."

"मग कशाला करताय? उपास करायचा की."

"उपासानं माझं न्हाय गेलं, बाळ. करून बघितलाय मी, तुझ्याएवढी असल्यापासून. उपास देवासाठी करायचा, मनासाठी करायचा. बारीक व्हायला न्हाय. मला आजार हाय, झोपेत श्वास अडकतो माझा. आजाराला डॉक्टर."

"मला पण आजार हाय?"

"तुला भूक लागते. वाढीच्या वयात लागायचीच. आणि खेळायला यायला तू लाजतीस, तेवढं सोड."

"तुमी लाजत न्हाईसा?"

राजश्रीला खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की 'न्हाय' हा शब्द ओठांवर आलाच. "लाजते," ती म्हणाली. "आत्ता पण लाजतेय. लई."

रचनाच्या आईनं मुलीला आत ओढलं आणि दार अर्धं लोटलं. लाडू द्यायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

गल्लीतली घरं अजून पुष्कळ राहिली होती. दारादारांतून बायका बाहेर येऊन बघू लागल्या होत्या. बातमी तिच्या पुढं धावत होती, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. राजश्रीचे गुडघे दुखत होते, पाठ घामानं भिजली होती. पुढचं घर बाबगोंडा आण्णांचं. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळं त्यांच्यापर्यंत अजून काही पोचलं नव्हतं.

"ये ये!" ते ओसरीवरून ओरडले. "आमची त्यागमूर्ती आली बघा! खुर्ची आणा रं, एकात एक दोन आणा!"

राजश्री कठडा धरून एक-एक पायरी वर चढली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"आण्णा, उत्तम क्षमा," ती गल्लीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली. "उद्या बेळगावला निघालेय मी, पोटाच्या ऑपरेशनला. त्याच्या आधी तुमी माइकवर जे बोललासा, ते माझ्या तोंडानं खोडायचं हाय."